कातणे, वळणे, विणणे : सुताच्या क्रियापदांची कुळकथा

कापसाचे कापड होईपर्यंत प्रत्येक कामाला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. वर्धा जिल्ह्यात कापूसही पिकतो आणि खादीही तयार होते, त्यामुळे ही सारी मालिका तेथे वापरात राहिली.

शेतात सोयाबीन ‘सोंगतात’, कापूस मात्र ‘वेचतात’. सोंगणीत झाड कापले जाते. वेचणीत फुटलेल्या बोंडातला कापूस बोटांनी काढून झाड उभेच ठेवतात. सरकी काढल्यावर रुई ‘पिंजतात’. केस ‘विंचरले’ की सरळ होतात, रुई पिंजली की तिचे तंतू सुटे होतात. कसून शोध घेण्याला ‘पिंजून काढणे’ म्हणतात, ते यावरूनच.

‘कातणे’ आणि ‘कातरणे’ सख्खी भावंडे वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. संस्कृत धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो: एकदा छेदण्याच्या अर्थी, एकदा वेढण्याच्या अर्थी. पहिल्यापासून ‘कर्तरी’, कात्री आणि कातरणे आले, दुसऱ्यापासून कातणे. कातताना तंतू ओढला जातो आणि त्याच वेळी त्याला पीळ बसतो. ‘वळणे’ यात ओढ नाही. हाती असलेल्या वस्तूला पीळ किंवा गोल आकार द्यायचा असतो. म्हणून सूत कातावे. दोर, वात आणि लाडू वळावेत.

‘विणणे’ हे संस्कृत ‘वे’ धातूच्या कुळातले. त्यात धागे एकमेकांत अडकवून सलग पट तयार होतो, मग ते उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड असो, स्वेटर असो वा बाज. ‘ओवणे’ याला छिद्र लागते. सुई आणि मणी ओवतात. ‘शिवणे’ हे ‘सिव्’ धातूपासूनचे. तयार कापडाचे तुकडे जोडणे हा त्याचा अर्थ.

ही कामे वर्ध्यात शाळेतही पोचली. ऑक्टोबर 1937 मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ ही शिक्षणपद्धती पुढे आली आणि कताई-विणाई वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत शिकण्याचे माध्यम झाली. 1938 मध्ये सुरू झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने जपली आहेत.

आज लाडू, वाती, स्वेटर, कापड सारेच ‘बनवले’ जाते. त्या एका शब्दातून काम झाल्याचे कळते, हात कसा चालला ते कळत नाही. ते सांगणारी क्रियापदे मराठीत आहेत. बोलताना आणि मुलांना शिकवताना तीच वापरावीत.