छत उंच, खोली लहान : ऊब डोळ्यांना हवी
मध्य रेल्वेवरील दिवा परिसरातील बैठ्या घरांत उतरत्या छपराखालची खोली लहान, पण आढ्यापाशी उंच असते. त्यामुळे ती ओकीबोकी भासते. तरीही सबंध छत झाकू नये. गरम हवा वर चढते. दमट उन्हाळ्यात ही उंचीच दिलासा देते. ऊब अंगाला नव्हे, डोळ्यांना जाणवावी. दरवाजाच्या चौकटीइतक्या उंचीपर्यंत भिंतींना गेरूसारखा रंग द्यावा आणि वर फिकट पिवळसर. नजर त्या रेषेवर स्थिरावते. सुमारे २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लांब वायरीने बैठकीजवळ खाली सोडावा. पंखा मात्र जमिनीपासून ७ फुटांच्या खाली आणू नये. पोटमाळा निम्म्याच भागावर, झरोके मोकळे ठेवून घालावा. पलंगावर घरची गोधडी अंथरली, की खोली भरलेली वाटते आणि वाराही अडत नाही.