सात मिनिटांचा व्यायाम: एक फेरी पुरते का?

‘डॉक्टर, जिमला जायला वेळच मिळत नाही. मोबाइलवरचा सात मिनिटांचा व्यायाम केला तर चालेल का?’ तिशी-चाळिशीतले नोकरदार रुग्ण हे हमखास विचारतात. चालेल, पण एका फेरीवर समाधान मानू नका आणि रक्तदाब असेल तर पुढचे नीट वाचा.

हा आराखडा २०१३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लागते फक्त एक भिंत आणि एक भक्कम खुर्ची (घसरणारी प्लास्टिकची नको). १२ प्रकार, प्रत्येक ३० सेकंद, मध्ये १० सेकंद विश्रांती. पायांनंतर हात, मग पोट असा क्रम असल्याने एक स्नायू काम करताना दुसऱ्याला उसंत मिळते. हिशेब केला तर एक फेरी ७ मिनिटे ५० सेकंदांची होते. मूळ लेखात अशा दोन-तीन फेऱ्याही सुचवल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिला तो ‘सात’ हा आकडा!

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सांगते. रोज एकच फेरी केली तर आठवड्याला जेमतेम ५५ मिनिटे होतात. तीन दिवस तीन-तीन फेऱ्या केल्या तर ७० च्या पुढे जाता येते. उरलेले जिने चढण्यात भागते. व्यायाम जोरकस आहे हे ओळखायचे कसे? दम न घेता चार शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नसेल तर तो जोरकस.

यातले तीन प्रकार स्थिर ताणाचे आहेत: भिंतीला पाठ टेकवून अधांतरी बसणे, प्लँक आणि एका कुशीवरचा प्लँक. यात स्नायू आखडून धरलेले असतात, नकळत श्वासही रोखला जातो आणि त्या वेळेपुरता रक्तदाब बराच चढतो. म्हणून उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी हे तीन करू नयेत, असे मूळ लेखातच म्हटले आहे. ॲपमध्ये ही सूचना दिसेलच असे नाही. अशा रुग्णांनी बाकीचे प्रकारही डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत.

टायमर लावला की माणूस आकड्यांच्या मागे धावतो आणि गुडघे-कंबर दुखावून घेतो. ३० सेकंदांत आठच बैठका झाल्या तरी चालतील, पण पाठ सरळ हवी. नवख्यांनी २० सेकंद व्यायाम, २० सेकंद विश्रांती ठेवावी, जोर भिंतीला हात टेकवून काढावेत. गुडघे दुखत असतील तर उड्यांऐवजी जागच्या जागी चालावे (खालच्या मजल्यावरचेही दुवा देतील). सुरुवातीला तीन-चार मिनिटे अंग मोकळे करावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर फेरी पूर्ण करण्याच्या नादी लागू नका. लगेच थांबा आणि त्रास ओसरला नाही तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.