पनवेल परिसरातील मत्स्यकाढणी व्यवसाय

मत्स्यकाढणी म्हणजे तळे, बांदिस्त खाजण, पिंजरा किंवा टाकी यांत वाढवलेले मासे, कोळंबी अथवा खेकडे विक्रीयोग्य आकाराचे झाल्यावर बाहेर काढणे, थंड करणे, प्रतवारी करणे आणि वाहतुकीसाठी सोपवणे. हे काम जाणणाऱ्या कुशल कामगारास मत्स्यकाढणी तंत्रज्ञ म्हणतात. प्रत्यक्ष व्यवहारात ‘हार्वेस्टिंगवाले’ हा शब्द अधिक रूढ आहे. महाराष्ट्रात निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत होते. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका खाडीकाठची खारभूमी, तळोजा औद्योगिक वसाहतीतील मासळी प्रक्रिया कारखाने आणि जवळचे न्हावा शेवा बंदर यांमुळे या व्यवसायाशी जोडलेला आहे. मात्र वाढत्या नागरीकरणामुळे तालुक्यातील खारभूमी घटत असून काढणी कामगारांच्या भवितव्याचा प्रश्न त्यातून निर्माण झाला आहे.

वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात (२००८) मत्स्यशेतीतील कुशल कामगारांसाठी ६२२१ आणि मासेमारी व मत्स्यशेतीतील मजुरांसाठी ९२१६ हे स्वतंत्र संकेतांक आहेत. काढणीचे काम या दोहोंच्या सीमेवर येते. जाळे ओढणे व टोपल्या वाहणे हे मजुरीचे काम मानले जाते, तर काढणीची वेळ ठरवणे, नमुना तपासणे, बर्फाचे प्रमाण राखणे आणि नोंदी ठेवणे ही कुशल कामे होत. कोकणात बहुधा एकाच टोळीतील माणसे दोन्ही कामे करतात. त्यामुळे त्यांच्या कौशल्याची स्वतंत्र नोंद क्वचितच होते.

पार्श्वभूमी

भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाजण जमिनी मातीच्या बांधांनी अडवून त्यांत भातशेती करण्याची पद्धत उत्तर कोकणात जुनी आहे. बांधात ठेवलेल्या दरवाजास उघाडी म्हणतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघतात व भात घेता येतो. पावसाळा सरल्यावर उघाडीतून खारे पाणी आत घेतल्यास त्याबरोबर बोईट, जिताडा, कोळंबी यांची पिले येतात. ती वाढू देऊन ओहोटीच्या वेळी उघाडीला जाळे लावून पकडणे हा आजच्या काढणीचा पूर्वावतार होय.

खारभूमीच्या संरक्षणासाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये आणि पुढे महाराष्ट्रात १९७९ मध्ये कायदा करण्यात आला. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती या केंद्राच्या कार्यातून पुढे आल्या.

शेजारच्या अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची परंपरा आहे. पावसाळ्यात खाडीत मिळणारी पिले तळ्यात सोडली जातात आणि गरजेनुसार मोठे मासे काढले जातात.

व्यापारी कोळंबी शेतीने भारतात १९९० च्या दशकात वेग घेतला. आरंभी टायगर कोळंबी हे मुख्य पीक होते. १९९४-९५ मध्ये पांढरे ठिपके रोगाच्या साथीने त्याची मोठी हानी झाली. अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हेनामी कोळंबीच्या संवर्धनास २००९ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर तीच प्रमुख जात ठरली.

कामाचे स्वरूप

काढणीची वेळ

व्हेनामीचे पीक साधारणतः तीन ते चार महिन्यांत तयार होते. काढणीचा दिवस ठरवताना आकार, बाजारभाव, कवचाची अवस्था आणि भरती-ओहोटी या चार गोष्टी पाहाव्या लागतात. उत्तर कोकणातील मच्छीमार तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला ही वेळ सुमारे सहा वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास येते. खाडीत आत जावे तशी ती काही मिनिटांनी लांबते.

पौर्णिमा व अमावास्येच्या उधाणात ओहोटीचे पाणी सर्वांत खाली जाते, त्यामुळे तळे उपसणे सोपे होते. परंतु त्याच दिवसांच्या आसपास कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते. कात टाकलेल्या कोळंबीचे कवच मऊ असते. ती दबते, लवकर खराब होते आणि तिला कमी भाव मिळतो. म्हणून तंत्रज्ञ काढणीपूर्वी पागाने नमुना काढून मऊ कवचाच्या कोळंबीचे प्रमाण मोजतो आणि ते जास्त आढळल्यास काढणी काही दिवस पुढे ढकलण्याचा सल्ला देतो.

तळ्यातून काढणे

काढणी बहुधा रात्री किंवा पहाटे, हवा थंड असताना केली जाते. त्यापूर्वी खाद्य बंद करतात, म्हणजे आतडे रिकामे होते व माल अधिक काळ टिकतो. प्रथम तळ्यातील पाण्याची पातळी उतरवली जाते. मग उघाडीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे बांधून उरलेले पाणी सोडले जाते आणि प्रवाहाबरोबर आलेली कोळंबी त्यात जमा होते. जाळे फार भरू दिल्यास तळची कोळंबी चिरडते. म्हणून ते थोड्या थोड्या वेळाने रिकामे करावे लागते. तळाशी राहिलेला माल पागाने व हाताने वेचला जातो.

पाणी न सोडता पागाने किंवा ओढजाळ्याने काही माल काढून उरलेला वाढू देण्यास आंशिक काढणी म्हणतात. रोगाची लक्षणे दिसल्यास तातडीची काढणी करावी लागते. अशा वेळी तळ्यातील पाणी निर्जंतुक केल्याविना खाडीत सोडल्यास शेजारच्या तळ्यांनाही लागण होते, म्हणून फक्त जाळ्यांचा वापर केला जातो.

जिताड्याची काढणी वेगळी असते. हा मासा ताकदवान असून जाळ्यावरून उडी मारतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असल्याने हातमोजे न घातल्यास खोल जखम होते.

थंड करणे व मोजणी

काढलेली कोळंबी धुऊन लगेच बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात बुडवली जाते. तीस अंश सेल्सिअस तापमानाची एक किलो मासळी शून्य अंशापर्यंत आणण्यास सिद्धांततः सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ पुरतो. परंतु बाहेरील उष्णता, पेट्या आणि प्रवास यांचा विचार करून प्रत्यक्षात मासळीइतकाच बर्फ वापरण्याचा प्रघात आहे. बर्फाची गाडी उशिरा आल्यास काढणी थांबवणे हेच शहाणपणाचे ठरते.

कोळंबीचा भाव ‘काउंट’वर, म्हणजे एका किलोत बसणाऱ्या नगांच्या संख्येवर ठरतो. ४० काउंट म्हणजे सरासरी २५ ग्रॅमची आणि ५० काउंट म्हणजे २० ग्रॅमची कोळंबी. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यातील वाद बहुधा याच मोजणीवरून होतात. एका तळ्यातून ५,००० किलो माल निघाला आणि काउंटमधील फरकाने भाव किलोमागे २० रुपयांनी उतरला, तर एका रात्रीत एक लाख रुपयांचा फरक पडतो. तळ्याच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घेणे, पाणी निथळू देऊन वजन करणे आणि दोन्ही पक्षांसमोर नग मोजणे ही तंत्रज्ञाची जबाबदारी असते.

निर्यातीच्या मालासाठी प्रतिजैविकांच्या अवशेषांची तपासणीही होते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या वापरास मत्स्यशेतीत बंदी आहे. युरोपीय संघाकडे जाणाऱ्या मालासाठी तळ्यातील नमुन्याची काढणीपूर्व चाचणी आवश्यक असते. त्यामुळे तळ्याचा क्रमांक, काढणीची तारीख व वजन यांच्या नोंदी कारखान्यापर्यंत मालासोबत जाव्या लागतात.

शिक्षण व प्रशिक्षण

या कामासाठी औपचारिक पदवीची अट नाही; बहुतेक कामगार टोळीत काम करतच शिकतात. कोळी व आगरी समाजातील अनेकांना जाळे, भरती आणि चिखल यांचे ज्ञान घरातूनच मिळालेले असते. पर्यवेक्षक किंवा गुणवत्ता तपासनीस होण्यासाठी मत्स्यशास्त्राचे शिक्षण उपयोगी पडते. मुंबईतील वर्सोवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था पदव्युत्तर व संशोधनाचे शिक्षण देते, तर रत्नागिरीजवळील शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. अनुभवी परंतु कमी शिकलेल्या कामगारास यांपैकी कोणतीही वाट सहज खुली नसते. त्याच्यासाठी अल्पमुदतीचे कौशल्य प्रशिक्षण आणि आधीच्या अनुभवाचे प्रमाणन हे अधिक उपयुक्त मार्ग मानले जातात.

रोजगाराचे स्वरूप

काढणीचे काम हंगामी असते. पावसाळ्यात खाडीच्या पाण्याची क्षारता घटते व बांध फुटण्याचा धोका असतो. म्हणून बरीच काढणी पावसाळ्यापूर्वी उरकली जाते. टोळीला मजुरी रोजावर किंवा काढलेल्या वजनावर मिळते. वजनावरच्या मजुरीत घाई होऊन मालाची हानी होण्याचा संभव असतो, तर रोजाच्या मजुरीत कामगाराला रात्रभराच्या जादा तासांचा मोबदला वेगळा मिळेलच असे नाही. एकच टोळी अनेक मालकांकडे काम करीत असल्याने भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा यांसारखे लाभ सहसा तिच्या वाट्याला येत नाहीत.

आरोग्य व सुरक्षितता

रात्रीचा अंधार, गुडघाभर चिखल आणि बर्फ यांमुळे हे काम धोक्याचे ठरते. तळ्यातील वायुवीजन यंत्रे विजेवर चालतात; पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांचा पुरवठा तोडला नाही तर विजेचा धक्का बसू शकतो. कोळंबीच्या डोक्यावरील टोकदार काट्याने झालेल्या जखमा चिघळतात. अंगावर जखम असताना दूषित पाण्यात उभे राहिल्यास लेप्टोस्पायरोसिसची लागण संभवते. कोळंबी काळी पडू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. बंदिस्त जागेत तो श्वसनास घातक असतो. गमबूट, हातमोजे, पुरेसा उजेड व मोकळी हवा ही किमान साधने आवश्यक आहेत.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विमा मच्छीमारांप्रमाणे मत्स्यशेतकरी व मत्स्यकामगारांनाही लागू आहे. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी २.५ लाख आणि रुग्णालयीन उपचारांसाठी २५ हजार रुपयांची तरतूद आहे. नोंदणी नसलेल्या कामगारापर्यंत मात्र हा लाभ पोहोचत नाही.

कायदेशीर चौकट

एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारी नियमन क्षेत्रातील व्यापारी कोळंबी शेते बंद करण्याचा आदेश दिला. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळले. बंद होणाऱ्या शेतांतील कामगारांना कपातीची भरपाई आणि शिवाय सहा वर्षांचे वेतन देण्याचे निर्देश या निकालात होते. तथापि त्यासाठी किमान एक वर्षाच्या सलग सेवेची अट होती. आज या तळ्यावर तर उद्या त्या तळ्यावर काम करणाऱ्या काढणी कामगारास अशी अट पूर्ण करणे कठीण असते.

संसदेने २००५ मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायदा केला आणि शेतांची नोंदणी अनिवार्य केली. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती वाढवली व कारावासाऐवजी दंडाची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे कांदळवने तोडण्यास मनाई असल्याने नवी तळी खोदण्यास मर्यादा आहेत.

पनवेलमधील बदल व भवितव्य

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी संपादित करण्यात आल्या. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी खाडीलगतच्या जमिनीवर भराव घालण्यात आला व उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने होणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. भरावामुळे तळ्यासाठी जागा घटते आणि प्रदूषणामुळे उरलेल्या जागेतील पाणी निरुपयोगी होते.

मासळीची मागणी मात्र वाढती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार २०२२ मध्ये जगात संवर्धित जलचर प्राण्यांचे उत्पादन (९.४४ कोटी टन) प्रथमच पकडलेल्या उत्पादनापेक्षा (९.१ कोटी टन) अधिक झाले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज व विमा यांबाबत मत्स्यशेतकऱ्यास त्याचा लाभ अपेक्षित आहे. दुसरीकडे, निर्यातीवरील अवलंबित्व जोखमीचे आहे. अमेरिका ही भारतीय कोळंबीची सर्वांत मोठी बाजारपेठ असून ऑगस्ट २०२५ मध्ये तिने भारतीय मालावर ५० टक्के अतिरिक्त आयातशुल्क लावले. अशा निर्णयांचा परिणाम तळ्याकाठच्या भावावर व पर्यायाने टोळीच्या मजुरीवर होतो.

यंत्रांमुळेही कामाचे स्वरूप बदलत आहे. नॉर्वेच्या सॅमन शेतीत मासे पंपाने खेचले जातात आणि त्यांची प्रतवारी यंत्रावर होते. कोकणातील लहान, चिखलाच्या तळ्यांत अशी यंत्रे सरसकट परवडत नाहीत. परंतु पंप, विद्युत काटे आणि मोबाइलवरील नोंदी यांमुळे ओझे वाहणाऱ्या हातांची गरज घटू शकते व मोजणाऱ्या, तपासणाऱ्या माणसाची वाढू शकते. पुनश्चक्रण पद्धतीची टाकी आणि बायोफ्लॉक यांना खाडीकाठची जमीन लागत नाही, म्हणून त्या शहरालगतही उभारता येतात. मात्र त्यांतील काढणीला माणसे कमी लागतात.

त्यामुळे पनवेलमध्ये या व्यवसायाचे केंद्र तळ्याकडून शीतसाखळी, प्रतवारी व प्रक्रिया यांच्याकडे सरकण्याची शक्यता अधिक आहे. तळ्यावर शिकलेले कवचाची अवस्था, ताजेपणा व काउंट यांचे ज्ञान कारखान्यातही उपयोगी पडते. जुन्या कामगारांना हा बदल साधेल की नाही, हे त्यांच्या अनुभवाचे प्रमाणन आणि ओळख यांवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मत्स्यकामगारांनाही नोंदणी करता येते. कामाच्या दिवसांची लेखी नोंद हा भरपाई, विमा आणि प्रशिक्षण या तिन्हींचा आधार असल्याने हंगामी टोळ्यांसाठी अशी नोंदणी विशेष महत्त्वाची ठरते.

हेही पहा

खारभूमी
जिताडा
कोळंबी संवर्धन
नीलक्रांती
कांदळवन
पनवेल तालुका