मारुती-सुझुकी : आंतरसांस्कृतिक व्यवस्थापनाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय उद्योगात भांडवल आणि यंत्रसामग्री यांचे स्थलांतर तुलनेने सुलभ असते. कार्यसंस्कृतीचे तसे नसते. एका समाजात घडलेली व्यवस्थापनाची रीत दुसऱ्या समाजात रुजू लागते, तेव्हा तिचा आशयही बदलतो. प्रस्तुत निबंधात मारुती उद्योगाच्या १९८२ ते २०१२ या कालखंडाच्या आधारे या प्रक्रियेचा विचार केला आहे.

जपानी पद्धतीचे आगमन :
ऑक्टोबर १९८२ मध्ये भारत सरकारच्या मालकीची मारुती उद्योग लिमिटेड आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्यात करार झाला. सुझुकीचा प्रारंभिक हिस्सा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या हाती आली. व्ही. कृष्णमूर्ती व आर. सी. भार्गव हे प्रारंभीचे भारतीय धुरीण शासकीय व सार्वजनिक क्षेत्राच्या अनुभवातून आलेले होते. तेथे अधिकाऱ्याची प्रतिष्ठा त्याची स्वतंत्र खोली, दारावरचा शिपाई आणि वेगळे भोजनगृह यांवरून ठरत असे. गुडगाव येथील कारखान्यात मात्र सर्वांसाठी एकच गणवेश, एकच उपाहारगृह, भिंती नसलेले कार्यालय आणि कामापूर्वी सामूहिक व्यायाम ही पद्धत स्वीकारली गेली.

अर्थांतर :
जपानमध्ये समान गणवेश हे प्रामुख्याने संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे चिन्ह होते. पंक्तिभेदाची दीर्घ परंपरा असलेल्या भारतीय समाजात वरिष्ठांनी कामगारांसोबत एकाच रांगेत उभे राहून जेवण घेणे, याला समतेचा अर्थ प्राप्त झाला. जपानी व्यवस्थापनाला कार्यक्षमतेचे साधन वाटणारी गोष्ट भारतीय कामगाराला सन्मानाचे आश्वासन वाटणे स्वाभाविक होते.

संघर्ष :
जपानमधील मोठ्या उद्योगांत ही शिस्त नियमित कामगारांच्या दीर्घकालीन नोकरीच्या हमीशी जोडलेली होती. भारतात शिस्त आली, परंतु हमी सर्वांपर्यंत पोहोचली नाही. २००० मध्ये गुडगावला प्रोत्साहन वेतनाच्या प्रश्नावरून मोठा वाद उद्भवला. २००२ मध्ये कंपनीतील बहुसंख्य हिस्सा सुझुकीकडे गेला. पुढे मानेसर येथील नव्या कारखान्यात कायम आणि कंत्राटी कामगार एकाच उत्पादनरेषेवर काम करीत. त्यांच्या वेतनात मात्र मोठी तफावत होती. जून २०११ मध्ये तेथील कामगारांनी स्वतंत्र संघटनेच्या मागणीसाठी संप केला. त्याच वर्षी कामावर परतण्यासाठी सद्वर्तनाचे हमीपत्र देण्याची अट व्यवस्थापनाने घातली. १८ जुलै २०१२ रोजी उसळलेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले आणि कारखाना सुमारे महिनाभर बंद राहिला.

निष्कर्ष :
या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि तिची पार्श्वभूमी केवळ ‘भारतीय’ व ‘जपानी’ स्वभावांतील भेदात शोधणे अपुरे ठरेल. सुरुवातीच्या वर्षांतील यश आणि नंतरचा संघर्ष या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी दिसते : एका गणवेशाने समतेची अपेक्षा निर्माण केली आणि वेतन, संघटना व नोकरीची शाश्वती या बाबतींत ती अपुरी राहिली. परकी कार्यपद्धती स्वीकारताना तिच्यामागील सामाजिक करारही स्वीकारला जातो काय, हा प्रश्न म्हणूनच व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात मध्यवर्ती असावयास हवा.