मध्यरात्रीची थाप

दिवाळीत आपण दारे सताड उघडी टाकतो. पण मध्यरात्री दारावर पोलिसाची थाप पडलेली कोणाला रुचेल? उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगाच्या नशिबी तेच आले. १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणातून तो पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी पाठ सोडली नाही. रात्री-अपरात्री दार ठोठावून ते त्याला झोपेतून उठवीत. गडी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या डिसेंबरात न्यायालयाने या रात्रभेटींचा नियम घटनाबाह्य ठरविला. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क मानावयास बहुमत तयार झाले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तो मानला होता. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी त्यांचेच म्हणणे उचलून धरले. पोलिसांच्या वहीत ज्याचे नाव, त्याच्याही झोपेला कायद्याची राखण हवी, असे मला वाटते. आपल्या दाराची कडी त्याच्याच खटल्याने घट्ट झाली!