शेवटचा आठवडा आणि आधीची पंचावन्न वर्षं

विद्वानांवरच्या चित्रपटांचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं लोक विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा फळ्यावर झरझर समीकरणं लिहिणारा, केस विस्कटलेला नायक असतो. असे चित्रपट भरपूर आहेत आणि त्यातले बरेच कंटाळवाणे आहेत, हे आधीच कबूल करतो. म्हणून नव्या वाचकाला मी आत नेतो ते वेगळ्या दाराने. मारिओ मार्तोने यांचा 1992चा पहिला चित्रपट, 'मोर्ते दी उन मातेमातिको नापोलेतानो', म्हणजे एका नापोलीकर गणितज्ञाचा मृत्यू.

हे गणितज्ञ रेनातो काच्चोप्पोली. जन्म 1904, नापोली. आई अराजकवादी बाकुनिन यांच्या घराण्यातली. स्वतः उत्तम पियानो वाजवत. हिटलर 1938 साली नापोलीत आला, त्या सुमारास त्यांनी एका उपाहारगृहातल्या वाद्यवृंदाला फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला लावलं. अटक झाली. मोठी शिक्षा टळावी म्हणून घरच्यांनी त्यांना वेडं ठरवून घेतलं आणि त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. हा दाखला जपून वाचायला हवा. तो आजाराचा पुरावा कमी आणि ढाल जास्त होता. पण 8 मे 1959 रोजी त्यांनी आयुष्य संपवलं, हे एकदा कळलं की वाचक त्या कागदाकडे मागे वळून पाहतो आणि 'तेव्हापासूनच होतं तर' असं म्हणून मोकळा होतो. चरित्रपटांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती इथे.

मार्तोने यांनी फक्त शेवटचा आठवडा घेतला. कार्लो चेक्की यांनी साकारलेला काच्चोप्पोली दारू पितो, शहरभर भटकतो, माणसांना भेटतो आणि तुटकपणे निघून जातो. मरणाचं कारण चित्रपट हातात देत नाही. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. तक्रार एकच: गणित जवळजवळ दिसत नाही.

ते आपण आणावं. नापोलीचा नकाशा नापोलीतच जमिनीवर पसरा. कसाही फिरवून ठेवला तरी त्यावरचा एक आणि एकच बिंदू बरोबर आपल्या खऱ्या जागेवर असतो. यामागचं स्थिरबिंदू प्रमेय आपल्याकडचे विद्यार्थी बानाख यांच्या नावाने शिकतात. इटलीत त्याला काच्चोप्पोलींचंही नाव जोडतात. त्यांच्या नावाची एक असमानताही आहे. काही अवकल समीकरणांचं उत्तर असलेलं फलन लहान वर्तुळात किती चढउतार करू शकेल, याला त्या फलनाचाच थोड्या मोठ्या वर्तुळातला आकार लगाम घालतो, असं ती सांगते. गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध प्रश्नयादीतला एकोणिसावा प्रश्न एन्नियो दे जॉर्जी यांनी सोडवला, त्या वाटेवर ही असमानता लागते. त्याच सुमारास तो प्रश्न स्वतंत्रपणे सोडवणारे दुसरे गणिती जॉन नॅश. त्यांच्यावरचा 'अ ब्यूटिफुल माइंड' 2001चा, आणि तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे.

म्हणजे दोन चरित्रपटांचे नायक एका प्रश्नाच्या अंगणात शेजारी उभे आहेत, आणि दोन्ही चित्रपटांना त्याचा पत्ता नाही. या क्षेत्रात काम किती बाकी आहे, ते यावरून दिसेल. गणित येत नाही म्हणून सिनेमाच्या अभ्यासकाने बिचकू नये, आणि सिनेमा कळत नाही म्हणून गणितवाल्यानेही. दोघांनी शेजारी बसून मार्तोने यांचा चित्रपट पाहावा आणि मग भांडावं.