एका भाषांतरकाराचे दोन अर्ज

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयातील एक तरुण भाषांतरकार घरी आला होता. कुठल्या कचेरीत नोकरी नाही. मिळेल ते सुटे काम घ्यावे आणि शब्दागणिक पैसे मोजून घ्यावेत, असा त्याचा चरितार्थ. एका संस्थेने त्याच्याकडून चौदा पानांचा अर्ज मागविला होता. शिक्षण, अनुभव, दोघा जाणत्यांची शिफारस आणि शेवटी नमुन्यादाखल हजार शब्दांचे भाषांतर, तेही फुकट. "काका, एवढी लिखापढी करून पदरात काही पडतं का हो?" असे त्याने विचारले. त्या वेळी मला धड उत्तर सुचले नाही. तो गेल्यावर मात्र पाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्जदार आठवला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी आणि तिच्यातून जे निघेल ते त्या तरुणाला कळवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्या अर्जदाराचे नाव विल्यम टिंडेल. ऑक्सफर्डचा पदवीधर, ग्लॉस्टरशायर परगण्यात सर जॉन वॉल्श नावाच्या सरदाराच्या घरी मुलांना शिकवीत असे. बायबल मूळ भाषांतून सरळ इंग्रजीत आणावे, हा त्याचा ध्यास. पण पंधराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्लंडात असा निर्बंध होता, की बिशपच्या मंजुरीवाचून कोणी बायबलचे भाषांतर करू नये. तेव्हा परवानगी आणि पोटाची सोय या दोन्ही गोष्टी एकाच दारी मागणे त्याला प्राप्त होते.

१५२३ साली तो लंडनला आला. तेथील बिशप कथबर्ट टन्स्टॉल हा मोठा विद्वान, इरॅस्मसचा स्नेही. ग्रीक जाणणाऱ्याला ग्रीक जाणणाऱ्याची कदर असणारच, असा टिंडेलचा हिशेब. आयसॉक्रेटीस या प्राचीन वक्त्याचे एक भाषण त्याने ग्रीकमधून इंग्रजीत उतरविले आणि नमुना म्हणून बरोबर घेतले. सर हेन्री गिल्फर्ड या दरबारातील वजनदार अधिकाऱ्याने बिशपजवळ शब्द टाकला आणि टिंडेलला सल्ला दिला, की एक पत्र लिहा व स्वतः नेऊन द्या. तेही त्याने केले. नमुना, शिफारस, पत्र, हेलपाटा; आजच्या चौदा पानांत जे जे मागतात, ते बहुतेक सारे त्याने हजर केले होते.

उत्तर काय मिळाले? माझे घर भरलेले आहे. आहेत त्यांनाच पोसणे जड जाते. लंडनात शोधा, काम मिळून जाईल. १५३० साली छापलेल्या आपल्या प्रस्तावनेत टिंडेलने स्वतःच ही कथा सांगितली आहे.

या उत्तरात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिंडेलच्या ग्रीकला बिशपने नाव ठेवले नाही, इंग्रजीलाही नाही. नुकतेच, म्हणजे १५२२ साली, लूथरचे जर्मन भाषांतर निघाले होते आणि त्या वाऱ्याची इंग्लंडातील धर्माधिकाऱ्यांना धास्ती होती. नमुना कितीही उत्तम असता तरी ते दार उघडणे कठीणच होते. जो प्रश्न गुणवत्तेचा नव्हता, त्याचे उत्तर टिंडेल गुणवत्तेने देत होता.

मग त्याला थारा कोणी दिला? हम्फ्री मॉनमाउथ नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. त्याने टिंडेलची प्रवचने ऐकली होती, माणूस पाहिला होता. अर्ज मागविला नाही. सहा महिने त्याने त्याला घरी ठेवले. दिवसरात्र वाचन, उकडलेले मांस आणि पातळ बिअर, असा पाहुण्याचा दिनक्रम होता. निघताना दहा पौंडही दिले. हा तपशील आपल्याला मिळतो तो १५२८ साली मॉनमाउथनेच तुरुंगातून लिहिलेल्या विनंतीपत्रात. कारण टिंडेलला आसरा दिल्याबद्दल त्याची रवानगी तिथे झाली होती. भाषांतरकाराला जागा देणे किती महाग पडू शकते, हे बिशपने ओळखले होते. व्यापाऱ्याने ते सोसले.

१५२४ साली टिंडेल जर्मनीत गेला. कोलोन शहरी छपाई चालू असता धाड येणार असे कळले, तेव्हा छापलेले कागद घेऊन तो वर्म्सला पळाला आणि १५२६ साली तिथे इंग्रजी नवा करार पुरा छापून निघाला. प्रती कापडाच्या गठ्ठ्यांतून इंग्लंडात पोचल्या. टन्स्टॉलने त्या लंडनात जाळविल्या. त्या आवृत्तीच्या तीनच प्रती आज ठाऊक आहेत. त्यांतली एक ब्रिटिश लायब्ररीने १९९४ साली दहा लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतली. आयसॉक्रेटीसचा तो नमुना मात्र कुठेही उरला नाही.

टिंडेलचा दुसरा अर्ज १५३५ च्या हिवाळ्यातला. अँटवर्पला दगा होऊन तो पकडला गेला आणि ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यात कैदेत पडला. तिथून एका अधिकाऱ्यास त्याने लॅटिनमध्ये पत्र लिहिले. ते त्याच्या हस्ताक्षरात आजही आहे. जेमतेम एक पान. डोके गारठते, तेव्हा उबदार टोपी द्यावी. एक गरम अंगरखा, पायमोज्यांना ठिगळ लावण्यापुरते कापड. संध्याकाळी एक दिवा, कारण अंधारात एकटे बसणे कंटाळवाणे होते. आणि सर्वांत आधी हिब्रू बायबल, व्याकरण व कोश. स्वतःच्या विद्वत्तेविषयी त्यात अक्षर नाही. काम अर्धे राहिले आहे आणि त्याला ही हत्यारे हवीत, एवढेच. १५३६ च्या ऑक्टोबरात त्याला गळा आवळून मारले व देह जाळला.

पुढचा भाग नियतीने लिहिला. राजाज्ञेने निघालेल्या 'ग्रेट बायबल'मध्ये टिंडेलचे बरेचसे भाषांतर बिननावाने शिरले. आणि १५४१ च्या आवृत्तीवर हा ग्रंथ तपासल्याबद्दल ज्या दोघा बिशपांची नावे छापली, त्यांतला एक टन्स्टॉल!

तर मग पहिला अर्ज फुकट गेला काय? मला तसे वाटत नाही. तो केला नसता तर बिशपकडे दाद मागायची राहिली, ही रुखरुख टिंडेलला जन्मभर लागली असती. वर्षभरात त्याला कळून चुकले, की केवळ बिशपच्या वाड्यातच नव्हे, साऱ्या इंग्लंडात या कामाला जागा नाही. हे कळण्यासाठी मात्र आयसॉक्रेटीसची गरज नव्हती. जागा आहे की नाही, हे दोन ओळींच्या पत्रानेही विचारता आले असते.

म्हणून त्या तरुणाला मी कळविले ते असे: आधी दोन ओळी लिही. माझ्या भाषांचे काम तुमच्याकडे आहे काय, शब्दाला दर काय, नमुना कोण तपासणार? उत्तर आले तर चौदा पाने खुशाल भर. न आले तर ते दिवस आपल्या आवडीच्या एखाद्या पुस्तकाला दे. ते निदान तुझे राहील.

त्याचे उत्तर आले आहे. दोन ओळी धाडल्या, म्हणतो. आणि वाट पाहता पाहता पुस्तकाचे पहिले प्रकरण संपवले.